कमावता आहात आणि आईवडिलांकडेच राहता: घरखर्चाला पैसे कसे द्यावेत?

नोकरी लागली, पगार सुरू झाला, पण राहणं अजून आईवडिलांच्याच घरी. अशा वेळी घरात पैसे द्यावेत का, या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. कमाई असेल तर द्यावेत. घोडं अडतं ते पुढे: किती द्यायचे, कोणाच्या हातात द्यायचे, आकडा कशावरून धरायचा, आणि उद्या नोकरीच गेली तर काय. नोकरी लागल्यावर मी सहा वर्षं आईबाबांकडे राहिले आणि तेवढ्या काळात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी पैसे दिले. त्यातली एक सपशेल फसली. तुम्ही आत्ता हा निर्णय घेत असाल, मग मुलगा-मुलगी म्हणून असो की आईवडील म्हणून, तर या पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघा.

आधी आकडा कशावरून काढायचा ते ठरवा

बहुतेक घरांत रक्कम अंदाजानं ठरते आणि मग कुरबुर सुरू होते. कारण देणाऱ्याच्या मनात एक मोजमाप असतं आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरंच.

समजा, चौघांच्या घराचा महिन्याचा सगळा खर्च १०० आहे. त्यातले ४० घरभाड्याचे किंवा कर्जाच्या हप्त्याचे, देखभालीचे, विम्याचे. तुम्ही घरात असा वा नसा, ते जाणारच. उरलेले ६० किराणा, वीज, गॅस, पाणी यांचे, म्हणजे माणसांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त होणारे. आता सगळ्या खर्चाचे चार समान भाग केले तर तुमच्या वाट्याला २५ येतात. फक्त चालू खर्चाचे चार भाग केले तर १५. आणि 'माझ्यामुळे नेमका किती खर्च वाढला' असं विचारलंत तर आकडा १५च्याही खाली येईल, कारण फ्रिज आणि इंटरनेट तुमच्याशिवायही चालूच असतं.

माझं मत सांगते. आईवडिलांचं स्वतःचं भागत असेल तर १५पासून सुरुवात करावी. ते निवृत्त झाले असतील, ओढाताण होत असेल, किंवा तुम्ही राहता म्हणून मोठं घर ठेवावं लागत असेल, तर २५च न्याय्य. 'माझ्यामुळे वाढलेला खर्च तेवढाच देणार' हे मोजमाप हिशेबात बरोबर असलं तरी कमावत्या माणसाला शोभत नाही. घरातल्या प्रत्येकानं असाच हिशेब मांडला तर ते ४० भरायचे कोणी?

काही आईवडील चौथंच मोजमाप लावतात: बाहेर खोली घेतली असती तर जेवढं भाडं पडलं असतं तेवढं दे. हे मला पटत नाही. बाहेरच्या भाड्यात मालकाचा नफा असतो आणि ते भरलं की दार आतून लावून घेण्याचा हक्कही मिळतो. घरी पूर्ण भाडं मोजायचं आणि रात्री उशीर झाला की जाबही द्यायचा, हे दोन्ही एकदम चालत नाही. ती खोली खरोखर भाड्यानं देता आली असती आणि त्या पैशांची घराला गरज असेल, तरच हा दर लावावा.

या कुठल्याच आकड्यात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे स्वयंपाक करणारे, भांडी घासणारे, कपडे वाळत घालणारे हात. तुम्ही देता ते किराण्याचे पैसे, कष्टाचे नव्हेत. त्यामुळे 'मी पैसे देतो की' हे कामातून सुटण्याचं कारण होऊ शकत नाही. पैसे देऊनही आपलं ताट आपणच उचलायचं. ते जमत नसेल तर रक्कम वाढवून कामाला माणूस ठेवा, पण तो आई काम करून थकण्याआधी.

ठराविक रक्कम की पगारातला टक्का?

पगार बांधलेला असेल तर ठराविक रक्कम बरी. घरातल्यांना महिन्याचं गणित आधी मांडता येतं, तुम्हाला पगार सांगत बसावं लागत नाही, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप खात्यात जाईल अशी सोय बँकेत करून ठेवली की मागण्या-देण्याचा अवघडलेपणा संपतो. दोष एकच: आकडा गोठतो. माझी पगारवाढ दोनदा झाली तरी घरी जाणारी रक्कम तीच होती, आणि आईबाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी विचारावं, अशी वाट बघू नका. वाढ झाली की आपणहून आकडा काढा.

टक्क्याची पद्धत उपयोगी पडते ती कमाई वरखाली होणाऱ्यांना: कंत्राटी काम, कमिशन, अर्धवेळ नोकरी. मी नोकरी सोडून कंत्राटावर कामं घ्यायला लागले तेव्हा हाच मार्ग धरला. मंदीच्या महिन्यात कमी रक्कम देताना मान खाली घालावी लागली नाही, कारण टक्का तोच होता. मात्र यात तुमची कमाई घराला कळते, आणि दर महिन्याला 'या वेळी इतके कमी कसे?' असं विचारलं जाऊ शकतं. ते टाळायचं असेल तर मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून त्यावर टक्का लावा.

भावंडं असतील तर टक्क्याचं पारडं स्पष्टच जड होतं. एकाची कमाई ९० आणि दुसरीची ३०, आणि घराला दोघांकडून २४ हवेत असं धरू. समान वाटा म्हणजे प्रत्येकी १२. त्यात एकाचे जेमतेम १३ टक्के गेले आणि दुसरीचे ४० टक्के. दोघांना २० टक्के लावले तर एक १८ देईल, दुसरी ६. एकूण तेवढेच, पण धाकटीच्या हातात श्वास घेण्यापुरते तरी उरतात. मात्र १८ देणाऱ्याचा शब्द घरात तिप्पट जड होणार नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या.

एखादं बिल आपल्याकडे घेणं

ही सगळ्यांना आवडणारी पद्धत. आईवडिलांना पैसे 'घेतल्यासारखे' वाटत नाहीत, मुलांना 'दिल्यासारखं' वाटतं. मीही इथूनच सुरुवात केली: विजेचं बिल माझं. आणि हीच पद्धत माझ्याकडून फसली.

एक-दोन महिन्यांनी संध्याकाळी घरी आले तर घरात अंधार. वाटलं, वीज गेली. दिवा लावला तर आई खिडकीपाशी, उरल्यासुरल्या उजेडात शिवण घेऊन बसलेली. पंखा बंद, कपाळावर घाम. म्हणाली, "दिसतंय की मला अजून." मग लक्षात आलं, बिल माझ्या पगारातून जायला लागल्यापासून ती दिवसभर असंच करत होती. बाबांच्या पगारातून बिल जायचं तेव्हा तिनं कधी असं केलं नव्हतं. मी घराला मदत करायला गेले आणि तिला तिच्याच घरात पाहुणी करून ठेवलं. त्याच महिन्यात बिल परत बाबांकडे गेलं आणि मी आईच्या खात्यात ठराविक रक्कम भरायला लागले.

उलटही होतं, बरं का. बिल मुलाचं झालं की मुलगाच दिवे मालवत, आईवडिलांना सुनावत फिरतो. म्हणून बिल घ्यायचंच असेल तर वापरानुसार न बदलणारं घ्या: इंटरनेट, विम्याचा हप्ता, देखभालीचं शुल्क.

घरकर्जाचा हप्ता मात्र या यादीत धरू नका. महिन्याचा घरखर्च आणि घराची किंमत फेडणं या वेगळ्या गोष्टी. आज प्रेमानं भरलेले हप्ते पुढे वाटणीच्या वेळी भावंडांमध्ये वितुष्ट आणतात. भरणार असाल तर ती मदत आहे, उसने आहेत की घरातला हिस्सा, हे सगळ्यांसमोर ठरवून लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवून घ्या.

पैसे घ्यायचे, पण मुलांसाठीच साठवायचे

ज्यांना पैशांची गरज नाही असे आईवडील हे करतात: गुपचूप साठवायचे आणि मूल घर सोडेल तेव्हा हातात ठेवायचे. रक्कम लहान नसते. पगाराचे २० टक्के २ वर्षं बाजूला पडले तर व्याज न धरताही जवळजवळ ५ पगार जमतात. वेगळं घर थाटायला ते मोठं बळ आहे.

हेतू चांगला आहे, पण गुपित मला मान्य नाही. पैसे गेले असं समजून मूल एखादं शिक्षण लांबवतं, किंवा महागड्या व्याजाचं कर्ज तसंच अंगावर ठेवतं. मधेच घरात अडचण आली आणि ते पैसे वापरावे लागले, तर आईवडिलांनाच अपराधी वाटत राहतं. त्यापेक्षा उघड सांगा: हे तुझ्याच नावानं ठेवतोय, अमुक महिन्यानंतर तुझ्या हातात. आणि मुलाच्या डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फिटू द्या. साठवणीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजाला सहसा पुरत नाही.

काहीच न देणं

शिक्षण चालू आहे, नोकरी गेली आहे, आजारपण आहे, तर हेच योग्य. मात्र पुन्हा कधी बोलायचं, ती तारीख ठरलेली हवी. नोकरी गेल्यावर किती महिने माफ, हे नोकरी असतानाच ठरवा. ते बोलणं तेव्हा दोन मिनिटांत होतं, नोकरी गेल्यावर दोन आठवडे जिभेवर येत नाही.

आणि ते घ्यायलाच तयार नसतील तर

पुष्कळ आईवडील हात मागे घेतात. "तुझे पैसे घेऊन आम्ही काय करू?" हा नकार खरा की संकोचाचा, ते शब्दांवरून कळत नाही. त्यांचा महिन्याचा जमाखर्च एकदा शेजारी बसून बघा. महिनाअखेरीला काही उरत नसेल तर तो संकोच आहे, आणि मग न विचारता खात्यात पैसे भरायला लागा. खरोखर उरत असेल तर हट्ट करू नका. ती रक्कम आपल्याच नावावर वेगळी ठेवा, आणि घरातली जी वस्तू मोडली म्हणून ते सहा महिने 'बघू नंतर' म्हणताहेत, ती आधी दुरुस्त करून आणा.