बिलात नवे पाइप, गाडीत नुसता देखावा

जुनी ऑटोमॅटिक गाडी रिस्टोरेशनला दिली असेल, तर ताब्यात घेण्याआधी एकदा तिच्याखाली शिरा आणि गिअरबॉक्सच्या कुलरचे दोन पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा. माझ्या गाडीत ते पाइप होते. नवेकोरे, काळा रंग दिलेले, क्लिपांनी व्यवस्थित बसवलेले. फक्त ते कुठेच जात नव्हते.

गाडी १९६६ ची मस्टँग, आत फोर्डचा सी-फोर गिअरबॉक्स. सगळं काम एकाच वर्कशॉपकडे होतं. प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. बिलात या विषयाच्या तीन नोंदी होत्या: गिअरबॉक्स ओव्हरहॉल, रेडिएटर साफ करून आतल्या कुलरसह प्रेशर टेस्ट, आणि ५/१६ इंची स्टीलच्या नव्या कुलर लाइन ‘मूळ मार्गाने’. सोबत कामाचे फोटोही दिले होते. फोटोंकडे नंतर येतो.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या तेलाने भरलेल्या भागात, घुसळून घुसळून ते तेल भयंकर तापतं. तिथून ते एका पाइपाने पुढे रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कुलरमध्ये जातं आणि निवून दुसऱ्या पाइपाने परत येतं. परत आलेलं हेच तेल गिअरबॉक्सच्या आतल्या बुश-बेअरिंगना वंगण म्हणून मिळतं. करंगळीहून बारीक असे हे दोन पाइप इंजिनाच्या कडेने, खालून जातात. बॉनेट उघडून गाडी बघायला येणारा माणूस तिथवर नजर टाकत नाही, आणि हे वर्कशॉपवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

गाडी थंड असेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. चांगली तापली की मात्र दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही. डिपस्टिक काढून पाहिली तर लालभडक असायला हवं ते तेल तपकिरी झालेलं, जळका वास येणारं. वर्कशॉपमध्ये आधी ऐकायला मिळालं, “जुन्या गाडीचं असंच असतं.” मग “तुम्ही दाबून चालवता.” आणि शेवटी, “क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स परत खोलावा लागेल.” त्याचा वेगळा खर्च, अर्थातच. म्हणजे रोग ह्यांनीच लावायचा आणि औषधाचे पैसेही ह्यांनीच घ्यायचे.

गाडी मी फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. लिफ्टवर घेतल्यावर त्याने गिअरबॉक्सला हातही लावला नाही. टॉर्च घेऊन रेडिएटरपासून सुरुवात केली आणि पाइपावर बोट ठेवून मागे मागे सरकत गेला. इंजिन माउंटिंगच्या मागच्या सांदीत, जिथे हात जेमतेम जातो, तिथे बोट थांबलं.

“साहेब, पाइप इथे संपला.”

दोन्ही पाइपांची टोकं हातोडीने चेपून दुमडून बंद केलेली होती. पलीकडे गिअरबॉक्सच्या दोन फिटिंगमधून वीतभर लांबीचे दोन जुने तुकडे बाहेर आले होते आणि त्यांना एक रबरी नळी यू आकारात जोडली होती. एकातून निघालेलं गरम तेल वळसा घेऊन तसंच गरम दुसऱ्यातून आत. नळीवर छापलं होतं ‘फ्युएल’. पेट्रोलसाठीची ती नळी गिअरबॉक्सच्या गरम तेलात कडक होऊन टोकाला तडकायला लागली होती, आणि खाली चार बोटांवर एक्झॉस्टचा पाइप. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेट घेतं, हे वेगळं सांगायला नको.

मिस्त्रीने मग रेडिएटरकडचा नट सैल केला. नीट जोडलेल्या पाइपातून इथे गिअरबॉक्सचं लाल तेल येतं. आलं ते हिरवं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, थेंब थेंब. तिथे सगळा उलगडा झाला. रेडिएटरमधला कुलर आतून सडून फुटलेला होता. प्रेशर टेस्ट झालीच नव्हती, किंवा झाली होती आणि निकाल दडवला होता. पाइप खरोखर जोडले असते तर कुलंट आणि तेल एकमेकांत मिसळून डिपस्टिकवर दुधट गुलाबी फेस दिसला असता आणि बिंग लगेच फुटलं असतं. नवा कुलर किंवा नवा रेडिएटर घालायचा तर खर्च त्यांच्या खिशातून. म्हणून हा वळसा.

हे अडाणीपणाने झालं असं मला अजूनही काहीजण समजावतात. मला ते पटत नाही. अडाणी माणसाने गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं बूच मारून बंद केली असती. मग वंगण तुटून गिअरबॉक्स थोड्याच वेळात बसला असता. वळसा दिला की वंगण चालू राहतं, फक्त तेल निवत नाही. गाडी ट्रायलला झकास चालते, डिलिव्हरी होते आणि पुढे सावकाश जळते. मिस्त्रीने तापमापक लावला तेव्हा फेरी मारून आल्यावर गिअरबॉक्सच्या फिटिंगवर १३० अंश सेल्सिअसच्या वर आकडा होता. साधारण ८० ते ९५ च्या आसपास असावा लागतो. १२० च्या पुढे तेल झपाट्याने करपतं आणि रबरी सील कडक होतात. ज्याने तो वळसा घातला आणि वर दाखवायला रिकामे पाइप बसवून रंगवले, त्याला हे सगळं ठाऊक होतं.

आता फोटो. घरी येऊन मी ते मोठे करून पाहिले. सी-फोरच्या खालच्या तेलाच्या पॅनला ११ बोल्ट असतात. फोटोतल्या पॅनला मी मोजले तर १७. तो फोर्डचाच सी-सिक्स, वेगळा आणि मोठा गिअरबॉक्स. दुसऱ्या कुणाच्या गाडीचे फोटो माझ्या नावावर खपवले होते.

जाब विचारल्यावर उडवाउडवी सुरू झाली. पहिलं उत्तर, “तात्पुरतं केलं होतं, सांगायचं राहून गेलं.” दुसरं, “त्या मिस्त्रीनेच कापले असतील.” त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. चेपलेल्या टोकांच्या घड्यांवर, अगदी आतल्या बाजूलाही, तोच काळा रंग सलग चढलेला होता. म्हणजे आधी चेपले, मग रंगवले. हे पाइप बाहेर काढण्याआधी मी त्यांचे जागेवरचे फोटो आणि व्हिडिओ घेतले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुसऱ्या मेकॅनिकला स्पॅनर लावू देण्याआधी हे करून ठेवा.

काम सुरू व्हायच्या आधी काय मागायचं तेही सांगतो. जुने पाइप परत द्या म्हणून लेखी घ्या. वाकवलेल्या जुन्या पाइपावरूनच नवा वळवायचा असतो, त्यामुळे “भंगारात गेले” हे उत्तर आलं की समजायचं, मूळ मार्ग वगैरे काही नाही. माझे भंगारातच गेले होते म्हणे. पाइप स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा हवा. नुसतं तांबं धक्क्यांनी कडक होऊन चिरतं. टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे कर्ण्यासारखी पसरवून दुमडलेली, ४५ अंशांची. रेसिंगच्या फिटिंगचा फ्लेअर ३७ अंशांचा असतो. दोन्हींची गल्लत केली की कितीही आवळा, गळती थांबत नाही. मध्ये पितळी रिंग आवळून दिलेला जोड दिसला तर तो काढायलाच लावा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून थोडा लवचिक तुकडा घालणं चुकीचं नाही, पण ती नळी ट्रान्समिशन कुलरसाठीचीच असावी, तिच्यावर अशा नळ्यांचं मानक एसएई जे-१५३२ छापलेलं असावं आणि ज्या पाइपावर ती चढते त्याच्या टोकाला फुगवटा काढलेला असावा. नाहीतर क्लॅम्प असूनही नळी सटकते. दोन्ही पाइप एक्झॉस्टपासून लांब, एकमेकांना आणि इंजिनाला क्लिपांनी बांधलेले, कुठेही धातूवर धातू घासत नाही, एवढं टॉर्चच्या उजेडात दिसतं.

आणि एक चाचणी डोळ्यांसमोर करून घ्या, तिच्यापुढे कसलाच देखावा टिकत नाही. गिअरबॉक्सकडे परत येणारा पाइप रेडिएटरपाशी सोडून तिथल्या तोंडाखाली भांडं धरायचं, इंजिन चालू करायचं. साधारण २० ते ३० सेकंदांत लिटरभर तेल यायला हवं. झालं की लगेच इंजिन बंद करायचं आणि तेवढं तेल परत भरायचं. तेल कमी आलं तर पाइप कुठेतरी चेपलाय किंवा कुलर तुंबलाय. माझ्या गाडीत तिथून काय आलं असतं ते सांगायला नको.

गिअरबॉक्स पुन्हा खोलावा लागला तो लागलाच. प्लेटा काळ्या पडल्या होत्या. नवा रेडिएटर बसवला, आणि टॉर्क कन्व्हर्टरही बदलला, कारण जळलेल्या प्लेटांची भुकटी त्यात अडकून राहते आणि नव्या कामाचीही माती करते. वर्कशॉपने अखेर पाइप आणि प्रेशर टेस्टचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. गिअरबॉक्सचं मात्र नाव काढत नाहीत. त्यासोबत एक कागद पुढे केला, ‘या कामाबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असा. मी सही केली नाही. असा कागद तुमच्यापुढे आला तर आधी गिअरबॉक्सचा हिशेब त्यात लिहून घ्या.