जिओजेब्रा की सराव-सॉफ्टवेअर : गणिताच्या शिक्षकाचे काम कोठे किती?

सातारा जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेला गणितासाठी सॉफ्टवेअर निवडायचे असेल, तर किमतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक विचार शिक्षकाला त्यासोबत कोणते काम करावे लागेल याचा व्हायला हवा. खान अकॅडमीसारखे सराव करून घेणारे संकेतस्थळ आणि जिओजेब्रासारखे आकृत्या हलवून पाहण्याचे साधन, हे दोन पर्याय या दृष्टीने फार वेगळे आहेत.

सराव-सॉफ्टवेअर उत्तर तपासते आणि कोण कोठे अडले याचा अहवाल देते. साठ वह्या तपासण्याचा वेळ वाचतो, ही मोठीच सोय आहे. परंतु १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने अंशात अंश आणि छेदात छेद का मिळवला, हे तिला शेजारी बसवून विचारल्याशिवाय कळत नाही. अहवाल वाचून अशा चार-पाच जणांना बाजूला घेणारा शिक्षक नसेल, तर विद्यार्थी उत्तराचे इशारे उघडत पुढे सरकतात आणि मूळ गैरसमज तसाच राहतो.

जिओजेब्रा ही मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेली निर्मिती. शाळेत ती विनामूल्य वापरता येते आणि एकदा संगणकावर घेतली की इंटरनेटशिवाय चालते; पाटण किंवा जावळीच्या डोंगराळ भागात याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र येथे शिक्षकावरील जबाबदारी वाढते, कारण हे साधन स्वतःहून काहीच विचारत नाही. दहावीतील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घ्या : वर्तुळावरील बिंदूपाशी होणारा हा कोन, वर्तुळावरील त्याच दोन टोकांमुळे केंद्रापाशी होणाऱ्या केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. वर्तुळावरील बिंदू त्याच कंसावर कोठेही सरकवला तरी कोन बदलत नाही, हे वर्गाला दिसते. पण पडद्यावर केंद्रीय कोन ९१.३३° आणि अंतर्लिखित कोन ४५.६७° दिसला, की दुप्पट ९१.३४° येते आणि कोणीतरी प्रमेय चुकल्याचे सांगतो. माझ्या मते संपूर्ण तासिकेतील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. पडद्यावरचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंतच असतात, हे सांगून शिक्षकाने मोजणे आणि सिद्ध करणे यांतील फरक तेथेच उलगडावा, आणि फळ्यावर त्रिज्या काढून समद्विभुज त्रिकोणांच्या आधारे सिद्धता विद्यार्थ्यांकडूनच पूर्ण करून घ्यावी.

एकच प्रोजेक्टर असलेल्या शाळेने नववी-दहावीच्या भूमितीसाठी निःसंकोच जिओजेब्रा निवडावे. संगणक कक्ष, भरवशाचे इंटरनेट आणि अपूर्णांकांत कच्चे विद्यार्थी अशी स्थिती असेल, तर सराव-सॉफ्टवेअर घ्यावे. पण अहवाल वाचण्यासाठी शिक्षकाला वेळापत्रकात आठवड्याला एक मोकळी तासिका आधी द्यावी.