रेडॉनच्या पाइपखाली भोकच नव्हतं

अमेरिकेत घर घेताना रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा, आकडा जास्त आला आणि विकणारा म्हणाला, "काळजी करू नका, क्लोजिंगच्या आधी आम्ही सिस्टीम बसवून देतो," तर तिथेच नाही म्हणा. (क्लोजिंग म्हणजे घर नावावर होण्याचा दिवस. सिस्टीम म्हणजे तळाच्या काँक्रीटला भोक पाडून खालचा वायू पाइप आणि फॅनने घराबाहेर काढणारी यंत्रणा.) पैसे कमी करून मागा आणि माणूस तुमचा तुम्ही शोधा. आम्ही हे केलं नाही. आमचे ३,८४० डॉलर गेले आणि पैशांहून वाईटही काही झालं. लिहायची लाज वाटते, कारण नवरा आणि मी दोघेही इंजिनिअर आहोत.

रीडिंग प्राँग हा खडकांचा पट्टा पेन्सिल्व्हेनियातून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क राज्यातून पुढे कनेक्टिकटपर्यंत जातो. खडकात युरेनियम, त्यामुळे जमिनीतून रेडॉन येतो. आमचं घर याच पट्ट्यात आहे. राज्याचं नाव लिहू नका असं वकिलाने सांगितलंय. १९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पात काम करणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तिथले किरणोत्सर्गाचे अलार्म वाजू लागले. तपास केल्यावर कळलं की दोष प्रकल्पाचा नाही, त्यांच्या घराचा आहे. घरात २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर रेडॉन होता (पिकोक्युरी हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). ४ किंवा त्याहून जास्त आला की दुरुस्ती करा, असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, सांगते. हे सगळं आम्हाला इन्स्पेक्शनच्या वेळीच कळलं होतं. आमचा आकडा ९.८ आला, आणि तो पाहून आम्ही घाबरलोही होतो. म्हणजे आम्ही बेफिकीर होतो असं कुणी म्हणू नये.

पण तो २०२२ चा उन्हाळा होता. व्याजदर चढतच होते, आमचा रेट लॉक (कर्जाचा ठरावीक मुदतीपुरता पक्का केलेला व्याजदर) संपत आला होता, भाड्याच्या घराची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती आणि मुलीची शाळा सुरू होणार होती. अशा वेळी विकणाऱ्यांचा एजंट म्हणाला, "आमचा नेहमीचा माणूस आहे, आठवड्यात करून देतो." बिल १,९५० डॉलर, निम्मं त्यांचं, निम्मं आमचं. आम्ही ९७५ चा चेक दिला. नंतरच्या टेस्टचे १५० वेगळे, तेही आम्हीच भरले. टेस्ट करणारा तोच माणूस! ज्याने काम केलं त्यालाच ते तपासायला सांगितलं. भारतात घराचं काम काढलं असतं तर मी हे कधीच चालू दिलं नसतं.

आता ती संध्याकाळ. २५ ऑगस्ट, दुसऱ्या दिवशी क्लोजिंग. आम्ही घर शेवटचं एकदा बघायला गेलो. बेसमेंटच्या कोपऱ्यात पांढरा जाड पाइप जमिनीतून वर आलेला, कडेने सीलंट नीट फिरवलेलं. बाहेरच्या भिंतीवर फॅन घुमत होता. पाइपवर इंग्रजी यू अक्षरासारखी प्लास्टिकची नळी लावलेली, आत लाल पाणी. दोन्ही बाजूंना लाल पाणी अगदी एका रेषेत, शून्यावर. मी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे असंच असतं का?" सिस्टीम बसवणारा माणूस हत्यारं गोळा करत होता. म्हणाला, "दोन्ही बाजू लेव्हल आहेत ना? म्हणजे सिस्टीम बॅलन्स्ड आहे." आणि मी मान डोलावली.

लाल पाणी सारखं असणं म्हणजे फॅन जमिनीखालून काहीच ओढत नाही! ओढत असेल तर एका बाजूचं पाणी वर चढतं, दुसरीकडचं उतरतं. हे शाळेतलं विज्ञान आहे. शेजारी स्टिकर होतं, त्यावर सुरुवातीचा दाब लिहायची जागा होती आणि ती कोरी होती. मी ते पाहिलं होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती कोरी चौकट डोळ्यांसमोर येते. त्या क्षणी कुणालाही एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

टेस्टचा रिपोर्ट एक पानाचा होता. आकडा १.१. तासागणिक नोंदी नाहीत, यंत्राचा नंबर नाही, खिडक्या बंद होत्या की उघड्या याचा उल्लेख नाही. ४८ तासांची टेस्ट असेल तर आधी १२ तास आणि टेस्ट चालू असेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवायच्या असतात. तासागणिक नोंदी दाखवल्याशिवाय कुणाचाही रिपोर्ट मान्य करू नका.

मग मे ते ऑक्टोबर २०२३ आई-बाबा पुण्याहून आले. बेसमेंटमधली खोली त्यांना दिली, कारण खाली गारवा आणि जिना चढायची दगदग नाही. बाबांनी तीस वर्षं सिगारेट ओढली आहे. सिगारेट आणि रेडॉन एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

जानेवारी २०२४ मध्ये शेजारीण घर विकायला निघाली. तिने लायब्ररीतून रेडॉनचं यंत्र आणलं होतं. अनेक ठिकाणी लायब्ररी ते घरी देते, नक्की विचारा. तिचं झाल्यावर मी सहज आणलं. आकडा १२.४. थंडीत घर बंद असतं, गरम हवा वर जाते आणि जमिनीतला वायू आत ओढला जातो, म्हणून आधीपेक्षाही जास्त. यंत्र बिघडलंय असं समजून १७५ डॉलर देऊन वेगळ्या माणसाकडून टेस्ट करून घेतली. १२.१.

नव्या माणसाने पाइप खालून कापला. खाली अखंड काँक्रीट. त्यावर पेन्सिलने गोल काढलेला होता, ड्रिल कुठे मारायचं त्याची खूण. ड्रिल मारलंच नव्हतं! पाइप नुसता उभा करून कडेने सीलंट फिरवलं होतं, आणि लाल पाण्याची नळी पाइपला वरून चिकटवलेली, आत गेलेलीच नव्हती. नवीन काम २,२४० डॉलर. वकिलाचे ३००.

तक्रारीचं तर विचारूच नका. त्या माणसाच्या कार्डावरच्या नंबरचं सर्टिफिकेशन काम करायच्या आधीच संपलेलं होतं. (नंबर घरी बसून तपासता येतो. पाच मिनिटं लागतात. चेक देण्याआधी तपासा.) एक सरकारी कार्यालय म्हणालं, सर्टिफिकेशन नाही तर तो आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे परवाना असताना फसवलं तर चौकशी, आणि परवान्याशिवाय फसवलं तर मोकळा? दुसऱ्या ठिकाणी सात आठवडे थांबवलं आणि पत्र आलं की समोरच्याने उत्तर दिलं नाही, सबब फाइल बंद. उत्तर न देणं हाच सुटायचा मार्ग! पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. विकणारे म्हणाले, आम्हीही त्याला ९७५ दिलेत, आम्हीही फसलो. एजंटने फोन घेणं बंद केलं. प्रत्येक ठिकाणी कापलेल्या पाइपचे तेच फोटो, तीच कहाणी, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "क्लोजिंगच्या आधी तुम्ही स्वतः पाहिलं नव्हतं का?" पाहिलं होतं हो! म्हणून तर जीव जळतो.

तुमच्या घरात आधीच सिस्टीम असेल तर आज खाली जाऊन ती लाल नळी बघा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर फॅनचा आवाज येतोय यावर जाऊ नका. कामाचे फोटो मागा, विशेषतः काँक्रीटमध्ये भोक पाडतानाचा. नंतरची टेस्ट तिसऱ्याच माणसाकडून करून घ्या.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या कार्यालयाचा फॉर्म भरला. त्यात नुकसानीसाठी एकच चौकट होती, डॉलरची. ३,८४० लिहिलं. आई-बाबा सहा महिने त्या खोलीत झोपले, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.