पाच तारे की शून्य? क्विन युअर्स आणि कॅम वॉर्ड

दोघेही टेक्सासचे, दोघेही अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू), दोघेही २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात. शाळकरी खेळाडूंना कॉलेजांसाठी पारखणारे जाणकार जास्तीत जास्त पाच तारे देतात. साउथलेकच्या क्विन युअर्सला शाळेतच पाच तारे, गुणांकन पैकीच्या पैकी. कॅम वॉर्डला एकही तारा नाही.

वॉर्डची चूक काय? त्याच्या शाळेचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावरच भर देई. पोरगं फेकतच नाही म्हटल्यावर पारखणार काय? इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजने त्याला घेतलं. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. २०२४ च्या मोसमात त्याच्या पासवर ३९ टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) झाले आणि ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. युअर्स गेला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, २३१ वा.

एवढ्यावरून चाहते युअर्सला ‘फुसका बार’ ठरवतात, ते मला पटत नाही. ओहायो स्टेट या पहिल्या कॉलेजात त्याला जेमतेम मैदान दिसलं, हे खरं. पण पुढे टेक्सास विद्यापीठाच्या संघाला त्याने सलग दोन मोसम राष्ट्रीय प्लेऑफच्या, म्हणजे कॉलेज विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, उपांत्य फेरीत नेलं. कॉलेजने ज्यासाठी घेतलं, ते काम बऱ्यापैकी झालंच की! वॉर्डचा मायामी संघ त्या प्लेऑफपर्यंत पोचलाही नाही.

ड्राफ्टचा आकडा लावाल तर वॉर्ड मैलभर पुढे. कॉलेजला कुठवर नेलं ते पाहाल, तर मी युअर्सच्या बाजूने. तारे देणाऱ्यांची खरी फजिती मात्र वॉर्डच्या बाबतीत झाली.