आरएमसी चांगलंच आहे, पण गाडीवरच्या पाण्याच्या पाइपाकडे लक्ष ठेवा

फुटिंगपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत घराचं सगळं काम आरएमसीमध्ये, म्हणजे प्लांटवर तयार होऊन गाडीतून येणाऱ्या रेडीमिक्स काँक्रीटमध्ये करून झालंय, आता अनुभव लिहायला हरकत नाही. एम२५ ही काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड म्हणजे काय, गाडीत किती माल बसतो हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडतो. मला बोलायचंय ते मिक्सर गाडीला मागे लावलेल्या पाण्याच्या पाइपाबद्दल.

तो पाइप ड्रम आणि चूट (माल खाली सोडायची पन्हळ) धुवायला दिलेला असतो. साइटवर होतं काय, गाडी उशिरा पोचते, माल घट्ट झालेला असतो, पंपवाला ओरडतो की लाइन जाम होईल, आणि ड्रायव्हर कोणाला न विचारता पाइप सरळ ड्रममध्ये सोडतो. पहिल्या स्लॅबला आमच्याकडे नेमकं हेच झालं. थांबवलं तर म्हणे, "साहेब, थोडंसंच टाकलंय, सगळीकडे टाकतात." अहो थोडंसं म्हणजे किती? घनमीटरमागे पाचेक लिटर पाणी वाढलं की स्लंप, म्हणजे शंकूच्या साच्यातून काढलेला माल किती खाली बसतो ते माप, साधारण २५ मिलिमीटरने वाढतो आणि ताकद दीडेक एमपीएने (मेगापास्कल, ताकदीचं एकक) उतरते, हा जुना ठोकताळा आहे. ६ घनमीटरच्या गाडीत हे झाले ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या, पाइपातून कधी जातात कळत पण नाही. प्लांटवर वाळूतला ओलावा वजा करून पाणी मोजून घालतात, आपण जास्तीचे पैसे त्याच्यासाठीच देतो ना, मग गेटच्या आत आल्यावर ते अंदाजाने का वाढवायचं?

ती गाडी मी परत पाठवली. प्लांटवाल्यांशी फोनवर चांगलंच वाजलं, पूर्ण बिल लावणार म्हणाले. मी चलनावरची बॅचिंगची वेळ वाचून दाखवली. रेडीमिक्सच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४९२६ प्रमाणे, गाडी भरल्यापासून २ तासांत माल खाली व्हायला पाहिजे, ती वेळ केव्हाच उलटून गेलेली. बिल निघालं नाही, पण पुढची गाडी येईपर्यंत मिस्त्री स्लॅबच्या कडेला बसून सळई खुपसून बघत होता की माल सेट व्हायला लागला का, कोल्ड जॉइंट (जुना माल सेट झाल्याने नव्याशी न जुळलेला सांधा) पडतो की काय म्हणून. फार वाईट वेळ होता तो, आणि तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं की वरचा स्लॅब साइट मिक्सचाच, म्हणजे जागेवर कालवलेल्या काँक्रीटचाच करायचा.

ते मत बदललं त्याच प्लांटच्या क्यूसीच्या (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) पोरामुळे. दुसऱ्या स्लॅबच्या आधी तो स्वतः भेटायला आला, म्हणाला एकदा मला उभं राहू द्या, म्हणून ऑर्डर दिली. गाडी आली, त्याने शंकू मांडला, थर भरून प्रत्येकाला सळईने २५ ठोके दिले, शंकू अलगद वर उचलला, स्लंप ९० मिलिमीटर. पंपाला १२० तरी हवा होता. पाइपाला हात न लावता त्याने कॅनमधलं अॅडमिक्श्चर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, मोजून ड्रममध्ये ओतलं, पाच-सात मिनिटं ड्रम जोरात फिरवायला लावला आणि परत मोजलं तर १३०! पाण्याचा थेंब नाही. माल पंपातून मस्त गेला, व्हायब्रेटरखाली छान बसला, शटरिंग काढल्यावर बीमला कुठे हनीकोंब (माल नीट न भरल्याने राहिलेली भोकं) नाही. २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे) ३० एमपीएच्या वर आले. मन लावून काम करणारा माणूस असला की तोच प्लांट वेगळा वाटतो.

क्यूबवरून एक सांगायचंच आहे. प्लांटवर भरलेले क्यूब पास झाले म्हणून निर्धास्त राहू नका, त्यांच्यात साइटवर घातलेलं पाणी नसतंच. आपल्या चूटमधून पडणाऱ्या मालाचे भरायला लावा, आणि गाडीत जे काही घालायचं ते घालून झाल्यावर.

मापाची शंका असेल तर गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर घाला, घनमीटरला साधारण २४०० किलो धरून ६ घनमीटरचे १४.४ टन भरले पाहिजेत. आमचं बरोबर निघालं. शेवटची गाडी मात्र पूर्ण मागवू नका, उरलेलं माप घेऊन मगच सांगा, उरलेला माल तुमच्याच खर्चात जातो. आणि फ्लाय अॅशवाला (कोळशाची राख घातलेला) मिक्स असेल तर क्युरिंग किमान १० दिवस, त्यात कंजूषी नको.

आता ऑर्डर देतानाच लिहून घेतो की ड्रममध्ये पाणी घातलं तर गाडी परत, आणि अॅडमिक्श्चरचा कॅन व तो पोरगा साइटवर पाहिजे. कंपाउंडची भिंत बाकी आहे, तिथे एकावेळी माल थोडाच लागतो त्यामुळे ती साइट मिक्समध्ये करतोय, जिन्यावरच्या टाकीचा स्लॅब परत यांच्याकडूनच.