सव्वा वर्षाचं बाळ आणि लंडन-मुंबई: डायरेक्ट पण मांडीवर, की एक स्टॉप पण स्वतःची सीट?

मावसबहिणीचा परवा फोन आला. मुलगा चौदा महिन्यांचा, पहिल्यांदाच भारतात न्यायचाय, आजी-आजोबांनी त्याला अजून फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, आणि ही लॅपटॉपवर दोन तिकिटं उघडी ठेवून बसलीये. एक लंडन-मुंबई डायरेक्ट, बाळ मांडीवर. दुसरं आखातातून एक स्टॉप, पण जवळपास तेवढ्याच पैशात बाळाला स्वतःची सीट. ताई, कुठलं घेऊ? तिला तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या प्रत्येक आईबापाला हा प्रश्न एकदा तरी पडतो आणि तिकीट एकदा काढलं की मग सहज बदलता येत नाही.

माझा अनुभव तीन खेपांचा. लेक नऊ महिन्यांची असताना डायरेक्ट, बॅसिनेटमध्ये, म्हणजे विमानातल्या पाळण्यात. एकोणीस महिन्यांची असताना एक स्टॉप, मांडीवर. सव्वादोन वर्षांची असताना डायरेक्ट, स्वतःच्या सीटवर. तिन्ही वेळा इकॉनॉमी. माहेर साताऱ्याला, सासर ठाण्याला, म्हणजे मुंबईत उतरलं तरी माझा प्रवास संपत नाही, तेही हिशोबात धरलंय.

आधी पैशाचं बोलते. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेतलं तर इंटरनॅशनल फ्लाइटला साधारण मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्के लागतात. सीट घेतली तर चाइल्ड फेअर, ते मोठ्यांपेक्षा थोडंच कमी असतं, म्हणून आकडा बघून पोटात गोळा येतो. पण ब्रिटनमधून निघताना मोठ्या माणसाच्या तिकिटात जो एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा टॅक्स असतो, तो इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. भारताच्या अंतरासाठी तो 1 एप्रिल 2025 पासून 90 पौंड होता आणि दरवर्षी वाढतोच आहे. म्हणजे मुलाची सीट आपण मनात धरतो तेवढी महाग पडत नाही, एकदा खरा आकडा काढून बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला सीट हवी असेल तर बऱ्याच वेबसाइटवर ते बुकिंग नीट होत नाही, फोन करावा लागतो, आणि तो करायचा कंटाळा करू नका. अजून एक, जाताना बाळ दोनच्या आत आणि परत येताना दोन पूर्ण, असं असेल तर परतीला सीट घ्यावीच लागते. हे चेक-इन काउंटरवर कळलेली एक मैत्रीण माझ्या माहितीत आहे, त्या दिवशीच्या भावाने तिकीट काढावं लागलं बिचारीला.

आता मांडी की सीट. नऊ महिन्यांपर्यंत मला मांडी आणि बॅसिनेट हेच बरोबर वाटतं. बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, तो फक्त बल्कहेडच्या, म्हणजे त्या भिंतीमागच्या पहिल्या रांगेत लागतो आणि विमानात मोजकेच असतात. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, साधारण दहा-अकरा किलोच्या आसपास, लांबीचीही असते. आमची लेक त्यात सलग साडेतीन तास झोपली आणि मला दोन्ही हातांनी जेवता आलं, त्या नऊ महिन्यांत पहिल्यांदा! पण सीटबेल्टची खूण लागली की बाळाला उचलून घ्यावंच लागतं, झोपलेलं असलं तरी. जुलैत गेलो होतो, मुंबईच्या जवळ येईपर्यंत ढगांतून चार वेळा खूण लागली, चारही वेळा उचललं, चारही वेळा रडली. शिवाय बल्कहेडला समोर सीट नसते म्हणून टेकऑफ आणि लँडिंगला सगळ्या बॅगा वरती, पायाशी काही ठेवू देत नाहीत, आणि सीटांमधले हात उचलले जात नाहीत, म्हणजे बाळाला दोन सीटांवर आडवं करता येत नाही. हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. आणि बॅसिनेटची रिक्वेस्ट टाकली म्हणजे ते मिळालंच असं नाही हेही लक्षात ठेवा. आम्हाला फोनवर हो म्हटलेलं, काउंटरवर गेलो तर ती सीट दुसऱ्यांना दिलेली, अर्धा तास उभं राहून मग मिळाली. आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा.

एकोणीस महिन्यांची मांडीवर हा मात्र मी पुन्हा कधीही न घेणारा पर्याय. साडेअकरा किलोची, चालायला शिकलेली, बॅसिनेटमध्ये बसत नाही आणि मांडीवर थांबत नाही. आपल्या पट्ट्यातून ओवलेला छोटा बेल्ट तिच्या पोटावर, ती कमान करून मागे जातेय, समोरच्या काकांच्या सीटला पाय लागतायत, आपण सॉरी सॉरी म्हणतोय. झोपली तेव्हा डोकं माझ्या डाव्या दंडावर होतं, ट्रे उघडता येईना, पाण्याची बाटली समोरच्या खिशात आणि हात पोचेना, शेवटी शेजारच्या बाईंनी झाकण उघडून बाटली माझ्या तोंडाला लावली. त्या कोण होत्या माहीत नाही पण त्यांची आठवण मला अजून येते.

सुरक्षिततेचंही आहेच. अमेरिकेत आयोवातल्या सू सिटीला 19 जुलै 1989 ला विमान कोसळलं, त्यात चार बाळं मांडीवरची होती, तेव्हाच्या सूचनेप्रमाणे त्यांना पायाशी जमिनीवर धरायला सांगितलेलं, एक बाळ वाचलं नाही. त्या विमानातली प्रमुख एअर होस्टेस नंतर कितीतरी वर्षं प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि पट्टा मिळावा म्हणून लढत राहिली. कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये, विमानप्रवास सुरक्षितच आहे, पण जोरात हादरा बसला तर अकरा किलोचं मूल हातात धरून ठेवणं माणसाच्या ताकदीचं काम नाही. सीट घेतली तर कार सीट विमानात नेता येते, फक्त मॉडेल आधी कंपनीला कळवून मंजूर करून घ्यायचं आणि ती खिडकीशीच लावायची. दहा ते वीस किलोच्या मुलांसाठी केअर्स नावाचा पट्टा मिळतो, सीटच्या पाठीला अडकवायचा, वीतभर पिशवीत मावतो, आम्ही सव्वादोनला तोच वापरला. पण खाली उतरल्यावर टॅक्सीत तो चालत नाही, आणि मुंबई-पुणे कॅबमध्ये कार सीट मिळेल या भरवशावर राहू नका. पुढे एक्सप्रेसवे आणि खंबाटकी घाट असेल तर वजन उचलून का होईना कार सीट न्या असंच मी म्हणेन.

डायरेक्ट की स्टॉप हे मात्र नुसते तास बघून ठरवू नका. सगळे म्हणतात डायरेक्ट नऊ तास, स्टॉप घेतला तर सात अधिक तीन अधिक मधला वेळ, म्हणजे डायरेक्टच बरं. मी सांगते, घड्याळ बाळाचं बघा. बाळाचं घड्याळ लंडनचं असतं. हिवाळ्यातलं उदाहरण घ्या, भारत साडेपाच तास पुढे, दुबई चार तास पुढे. संध्याकाळी साडेआठला निघणारी एक-स्टॉप फ्लाइट दुबईला सकाळी साडेसातला उतरते, ऐकायला छान वाटतं ना, पण बाळासाठी ते पहाटेचे साडेतीन! गाढ झोपेतून उठवायचं, सिक्युरिटीत जॅकेट काढायचं, लख्ख दिव्यात दोन-तीन तास बसायचं. आम्ही हेच केलं होतं आणि त्यात स्ट्रोलर थेट मुंबईला गेलेला, आखातातल्या त्या एअरपोर्टवर गेट ते गेट तिला कडेवर घेऊन चाललो. स्ट्रोलर मध्ये परत मिळणार का हे निघतानाच विचारून टॅग बघून घ्या, किंवा घडी करून वरच्या कप्प्यात जाणारा लहान स्ट्रोलर न्या.

उलट सकाळी साडेनऊला निघालं तर दुबईला पोचेपर्यंत बाळाचे दुपारचे साडेचार होतात, एक झोप झालेली असते, दीड-दोन तास पळू दे, वरणभाताचा डबा भरव, डायपर बदल, मग पुढचे तीन तास तो झोपेकडेच जाणार. असा स्टॉप मला डायरेक्टपेक्षा वाईट वाटत नाही, चालणाऱ्या मुलाला तर मध्ये पाय मोकळे करायला मिळतात हे बरंच. मात्र मुंबईत पहाटे अडीचला उतरणार, तेव्हा तिथून थेट पुढे निघू नका. ड्रायव्हरही जागा राहिलेला असतो, आपणही. ठाणे, दादर, पार्ल्यात कोणी नातेवाईक असतील तर तिथे टेका, नसतील तर हॉटेल घ्या आणि सकाळी निघा.

डायरेक्टमध्येही दोन तऱ्हा. रात्री नऊच्या सुमाराला निघणारी असेल तर बाळाची झोपायची वेळ आणि विमानातले दिवे मंद व्हायची वेळ जवळपास एक येते, मुंबईत सकाळी साडेअकरा-बाराला उतरता आणि उजेडात गाडी करून संध्याकाळपर्यंत साताऱ्यात. ही माझी सगळ्यात आवडती वेळ. दिवसाची डायरेक्ट म्हणजे नऊ तास जागं मूल, त्याला खिडकी, स्टिकर, चुरमुऱ्यांचा डबा, पुन्हा खिडकी.

काही अडलं तर कोण विचारतं हेही बघा. ब्रिटनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला इथला कायदा लागू होतो, फ्लाइट फार रखडली तर खाणं, गरज पडली तर हॉटेल द्यावं लागतं आणि चूक कंपनीची असेल तर या अंतराला 520 पौंडांपर्यंत भरपाई. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर असतील तर शेवटच्या मुक्कामाला किती उशीर झाला ते धरतात. म्हणून स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका, मूल सोबत असताना तर नाहीच. भारतातून परत येताना मात्र हा कायदा फक्त ब्रिटिश आणि युरोपियन कंपन्यांना, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. आणि स्टॉप म्हणजे अडकायची एक जागा वाढते, 23 जून 2025 ला कतारने अचानक हवाई हद्द बंद केली तेव्हा कितीतरी जणांची पुढची फ्लाइट गेली. डायरेक्टला त्रास नाही असं नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हद्द बंद झाल्यापासून भारतीय कंपन्यांच्या युरोपकडच्या फ्लाइटना वळसा पडतोय, वेळ बघताना आत्ताची वेळ बघा, पूर्वी किती लागायचे ते नाही.

कानाचं थोडक्यात. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्याही वर, आणि त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. उतरायला सुरुवात साधारण अर्धा तास आधी होते, तेव्हा दूध किंवा पाणी पाजा, आधीच पाजून टाकू नका. बाळाचं दूध आणि उकळलेलं पाणी 100 मिलीच्या वर असलं तरी हीथ्रोच्या सिक्युरिटीत चालतं, सांगितलं तर बॅगेतून काढून दाखवायचं. आणि पासपोर्ट ब्रिटिश असेल तर ओसीआय (परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) किंवा व्हिसा तिकिटाच्या आधी, ओसीआयला तर आठवडे लागतात.

तर बहिणीला मी सांगितलं ते असं. तुझं बाळ दहा किलो चारशे ग्रॅम, बॅसिनेट धरूच नकोस. पहिली गोष्ट सीट, दुसरी गोष्ट वेळ, डायरेक्ट हे तिसरं. सकाळी निघणारा एक-स्टॉप आणि सीट मिळत असेल तर डायरेक्ट-मांडीपेक्षा तेच घे. एकटी जात असतीस तर मी उलट सांगितलं असतं, एकटीने मूल, बॅगा आणि फ्लाइट बदलणं नको, पैसे लागले तरी डायरेक्टच, आणि तरीही सीटसकट. पण नवरा सोबत आहे. आणि दोन्हीच्या आधी तारखा हलवून बघ, मुलाची अजून शाळा नाही, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळेच निघतात म्हणून भाडी चढतात.

तिने काल रात्री मेसेज केला. दिवाळीनंतर दहा दिवसांनी निघतायत, रात्रीची डायरेक्ट, तीन सीट, मुलाची खिडकीची, आणि एक-स्टॉपच्या पहिल्या तिकिटापेक्षा फार फरक पडला नाही. परतीची दुपारची घेतलीये. भाऊबीज हुकतेय म्हणून मावशी जरा हिरमुसली, पण तुळशीच्या लग्नाला पोचतील आणि अनारशांचा डबा ती फोडणार नाहीये.