कोर्ट नाक्याच्या वकील मॅडम: ड्युटीवर अपघात झालेल्या एका ड्रायव्हरचा अनुभव

ठाण्यात कोर्ट नाक्याला, जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हे ऑफिस आहे. लिफ्ट नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पायात रॉड होता आणि काखेत कुबड्या. झेरॉक्सवाल्या दादाने वर फोन केला, तर मॅडम स्वतः खाली आल्या आणि दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी तासभर माझं ऐकून घेतलं.

मी कंपनीची ईको चालवायचो. रबाळे एमआयडीसीतून माल भरायचा, मुलुंड-ठाण्याला पोचवायचा. जुलै २०२३, मुसळधार पाऊस. ऐरोलीच्या सिग्नलला उभा होतो आणि मागून डंपर आला. गाडी पुढच्या टेम्पोत घुसली, उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. एका रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस खाटेपाशी आला. केस मी करतो, मिळतील त्यातले २५ टक्के माझे, इथे सही करा. आठवड्याने कंपनीचा माणूस ५० हजार आणि स्टॅम्प पेपर घेऊन आला. मी सुट्टीवर होतो आणि गाडी स्वतःच्या कामाला नेली होती, असं त्यावर लिहिलेलं. दवाखान्याचं बिल दोन लाखांच्या वर गेलेलं, त्यामुळे मी पेन हातात घेतलं होतं. बायको म्हणाली, "आधी कोणाला तरी विचारू, मग सही करा." म्हणून आम्ही या ऑफिसात पोचलो.

मॅडमचा पहिला प्रश्न पगाराचा. महिना २४ हजार. दुसरा, ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, कापतात का? नाही, कारण ती तेव्हा २१ हजारांपर्यंतच लागू व्हायची. कापत असते तर पैसे ईएसआयकडून मिळाले असते आणि मालकावर भरपाईचा दावा करता आला नसता. तिसरा प्रश्न, त्या दिवशीचं डिलिव्हरी चलन कुठे आहे? चलन भिजून गेलं होतं, पण सकाळी सुपरवायझरने व्हॉट्सअपवर पाठवलेला त्याचा फोटो फोनमध्ये होता. ऐरोली टोलचा फास्टॅग मेसेज मालकाच्या नंबरवर गेलेला, तो मागवायचं त्यांनी लगेच लिहून घेतलं. पोलिसांपुढच्या माझ्या जबाबात 'कंपनीच्या कामावर असताना' हे शब्दच नव्हते. मी तेव्हा इंजेक्शनच्या गुंगीत होतो. मॅडमनी पुरवणी जबाब द्यायला लावला. ज्याला कोणाला ड्युटीवर अपघात होईल त्याने हे वाक्य केस पेपरवर आणि जबाबात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

स्टॅम्प पेपरबद्दल त्या म्हणाल्या की तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कलम १७ आहे. हक्क सोडून देणारा असा करार टिकत नाही. तरी सही करू नका, कारण त्यातलं खोटं तुमच्याच तोंडी घालतील.

मग माझ्या औषधांच्या पाकिटावर त्यांनी हिशेब मांडला. तो मी अजून जपून ठेवलाय. मालकाकडून मागायचं तर पगार कितीही असो, तेव्हा १५ हजारच धरत. त्याचे ६० टक्के ९ हजार, माझ्या वयाला, म्हणजे ४० ला, गुणक १८४.१७. कमावण्याची ताकद २० टक्के गेली असं धरलं तर ३ लाख ३१ हजार, औषधपाण्याचा खर्च वेगळा. यात चूक कोणाची हे बघत नाहीत. दुसरी वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. तिथे पूर्ण पगार धरतात: २४ हजार गुणिले १२, त्याचे २० टक्के, गुणिले १५, हा माझ्या वयाचा तिथला गुणक. झाले ८ लाख ६४ हजार, बाकीचे खर्च वेगळे. पण डंपरवाल्याची चूक सिद्ध करावी लागते. दोन्हीकडे एकदम मागता येत नाही, एकच निवडायची. तेव्हा पहिलीला मुदत होती दोन वर्षं, दुसरीला सहा महिने. "घरी जा, दोघं मिळून ठरवा, मला उद्या सांगा," असं म्हणून त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. माझ्या आयुष्यात कुठल्या शिकलेल्या माणसाने मला असं समजावून सांगितलं नव्हतं.

आम्ही दुसरी वाट धरली. डंपर मागून धडकल्याचं पंचनाम्यात होतं आणि त्याचा विमा चालू होता. डिसेंबरात दावा दाखल झाला.

फी १२ हजार, तीन हप्त्यांत. टायपिंग, झेरॉक्स वेगळं. टक्केवारीवर फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना बंदी आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या खाटेपाशी आलेल्या माणसाचं काय ते समजलं.

एक स्टार मी कापतो आहे. ऑफिसातल्या मुलाने अर्जात वडिलांचं नाव चुकवलं, प्रतिज्ञापत्र पुन्हा नव्याने करावं लागलं आणि एक तारीख वाया गेली. अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत हरवली, त्यासाठी मला सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत परत उभं राहावं लागलं. पायात रॉड असताना ती रांग फार जड गेली. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या तारखेपासून सगळ्या मूळ कागदांची यादी करून त्यावर माझी सही घेतली.

प्रकरण लोकअदालतीत मिटलं, विमा कंपनीने ७ लाख ४० हजार मान्य केले. मॅडमनी आधी विचारलं होतं की थांबलात तर जास्त मिळू शकतात, वर्ष-दोन वर्षं लागतील, आणि इथे मिटवलं तर वर अपील नाही. मुलीची दहावी होती, मी मिटवायचं ठरवलं. काही रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे. ब्रेकवर पाय दाबवत नाही, म्हणून आता मी कळव्याला एका गोदामात नोंदी ठेवतो.

जायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा त्या कोर्टात असतात आणि फोन उचलत नाहीत. सोबत पगाराचं बँक स्टेटमेंट आणि त्या दिवशीचं काम दाखवणारा एखादा तरी कागद न्या. जिना चढता येत नसेल तर खाली झेरॉक्सवाल्या दादाला सांगा.